उरायासु शिंपल्यांचा हंगाम

दिगंबर मोकाशी लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करत नसत, थेट बातमी देत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "काल योकोहामा भोंग्यांचा कर्णधार निलंबित झाला." मी उरायासुत नवा होतो, समोरचा माणूस मराठी बोलतोय याच आनंदात होतो, आणि बेसबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. तरी कारण विचारलं. जळाऊ कचऱ्याच्या दिवशी त्याने प्लास्टिक बाहेर ठेवलं, असं गंभीर चेहऱ्याने सांगून ते तळमजल्यावर उतरून गेले.

ऑफिसात मी ही बातमी शेजारच्या टेबलावरच्या यामादा-सानना ऐकवली. ते बेसबॉलचे जुने भक्त. त्यांनी दोन वर्तमानपत्रं चाळली आणि फार नम्रपणे विचारलं, की योकोहामा भोंगे हा संघ नेमका कुठे खेळतो. मलाही माहीत नव्हतं. तो संघ माझ्या खालच्या मजल्यावर, मोकाशींच्या जेवणाच्या टेबलावर खेळत होता.

मोकाशी पुण्याचे. कावासाकीतल्या एका कंपनीत कंत्राटावर सॉफ्टवेअर तपासायचं काम करत. ती वर्षं अशी होती की पुण्या-मुंबईहून इंजिनियर येतच होते, आणि आमच्या इमारतीच्या जिन्यात फोडणीचा वास कायमचा राहायला आला होता. मोकाशी हे आडनाव जपानी वाटतं. त्यामुळे फोनवर लोक त्यांच्याशी भरभर जपानीत बोलत, ते प्रत्येक वाक्याला "हाय", म्हणजे "हो", म्हणत, आणि कंपनीत अतिशय समजूतदार माणूस म्हणून त्यांची ख्याती होती.

लीग त्यांनी स्वतः काढलेली. संघ चार: योकोहामा भोंगे, कावासाकी कंडेन्सर, नागोया नटबोल्ट आणि उरायासु शिंपले. मी आधी नागोयात होतो असं कळताच नटबोल्टची मालकी माझ्याकडे आली. मला विचारलं नाही. भोंग्यांच्या मालकीणबाई मोकाशींच्या पत्नी मृदुलावहिनी. शिंपले त्यांच्या मुलीचे, सईचे. कंडेन्सर खुद्द मोकाशींचे, आणि अंपायरही तेच. यात काही गैर आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

खरं बेसबॉल हिवाळ्यात झोपतं, म्हणून ही लीग शरद ऋतूत सुरू होऊन मार्चअखेर संपे. साधन म्हणजे सापशिडीतला एक फासा आणि पुण्याहून आणलेलं स्टीलचं फुलपात्र. फासा फुलपात्रात खुळखुळवायचा, फुलपात्र टेबलावर पालथं घालायचं आणि अंपायरने ते उचलायचं. सहा म्हणजे होमरन. एक म्हणजे बाद. मधल्या आकड्यांचे फटके ठरलेले होते. तीन गडी बाद झाले की डाव संपे. शेवटच्या डावात दोन गडी बाद झाले की मात्र सहा किंवा बाद, तिसरा मार्ग नाही. सई वेळेवर झोपावी म्हणून हा कडक नियम मोकाशींनीच केला होता.

नियमांच्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. एकदा फासा घरंगळून सोफ्याखाली गेला. मी म्हटलं, पुन्हा टाकूया. मोकाशी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे झाले आणि तिथून त्यांनी मला बाद दिलं. एकदा मी हरत होतो आणि बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून मी सामना थांबवण्याची विनंती केली.

"मैदानाला छप्पर आहे," ते म्हणाले. "अंपायरचा निर्णय अंतिम असतो."

हे शेवटचं वाक्य ते दिवसातून अनेकदा म्हणत. भाजीत मीठ कमी आहे की नाही, याबाबतीतही म्हणत. तिथे मात्र वहिनी ते मानत नसत.

आणखी एक नियम होता, तो मला बराच काळ विक्षिप्त वाटला. सामन्याचं वर्णन मराठीत होई, आणि तक्रारही फक्त मराठीतच ऐकून घेतली जाई. सई दहा वर्षांची होती, जवळच्या जपानी शाळेत जायची, घरात मराठी ऐकायची आणि उत्तर जपानीत द्यायची. तिला मराठी येत नव्हतं असं नाही. ती बोलत नसे. अन्याय झाला तर ओठ आवळून बसे, पण तक्रार करत नसे. मोकाशी वाट पाहत. मग म्हणत, "तक्रार आली नाही, खेळ पुढे." असे अनेक सामने शिंपल्यांनी मुकाट्याने गमावले. दरवर्षी त्यांचा नंबर शेवटचा असे.

हंगाम संपला की मोकाशी इमारतीतल्या मराठी घरांना जेवायला बोलावून उभ्याने हंगामाचा आढावा घेत. कोणाचा गोलंदाज लग्नानंतर ढेपाळला, कोणाच्या झेल घेणाऱ्याने लोकलमध्ये हातमोजा विसरून स्टेशनच्या हरवल्या-सापडल्या खिडकीत तासभर काढला, सगळं तपशिलात येई. लोक पोट धरून हसत. सई कोपऱ्यात पाठ करून बसे, पण उठून जात नसे.

मी ज्या हंगामाबद्दल लिहितो आहे, त्यात शिंपले जिंकू लागले. आधी भोंगे हरले, मग माझे नटबोल्ट दोनदा. शिंपल्यांचा बंडू ताकाहाशी नावाचा खेळाडू, जो आधीच्या वर्षांत चेंडूपेक्षा माश्याच जास्त मारायचा, तो षटकार मारल्यासारखे होमरन मारू लागला. सई शाळेतून धावत येऊ लागली.

त्याच हिवाळ्यात घरात दुसरं एक ठरलं. सईला पुण्यात शाळेत घालायचं. आता नेलं नाही तर पुढे अभ्यास जुळणार नाही, असं वहिनींचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. मोकाशींचं कंत्राट वाढलं होतं. मार्चअखेर दोघी जाणार, ते राहणार.

मोकाशींनी सुचवलं, पुढचा हंगाम फोनवर खेळू. सईने जपानीत एकच वाक्य उच्चारलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला बातमी दिली, "पुढच्या हंगामाबाबत शिंपल्यांच्या मालकांशी बोलणी फिसकटली." मी विचारलं, म्हणजे काय? ते दाराकडे बघत म्हणाले, "ही लीग संपली की संपली, म्हणते. फोनवर नको."

अंतिम सामना शिंपले विरुद्ध कंडेन्सर. रविवारी दुपारी ठेवला होता, सोमवारी विमान होतं. मी पोहोचलो तेव्हा हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि वहिनी एकेक बॅग वजनकाट्यावर चढवत होत्या. सई टेबलापाशी आधीच बसली होती. वहिनींनी मला आणि मोकाशींना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"अहो, आज एक दिवस सहा टाका की," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जिंकून जाऊ दे तिला."

"टाकणारा मी कोण? पडतो तो."

"फुलपात्र तुम्हीच उचलता ना?"

मोकाशींनी चहाचे कप ट्रेमध्ये नीट लावले. "तिला कळेल, मृदुला. मग मागचे सगळेच सामने खोटे होतील. तिच्या-माझ्यात आहे काय दुसरं?"

 ट्रे वहिनींनीच बाहेर नेला.

सामना अटीतटीचा झाला. कंडेन्सर पुढे, शिंपले बरोबरीला, पुन्हा कंडेन्सर पुढे. मोकाशींचं वर्णन त्या दिवशी अगदी कोरडं होतं, एकही विनोद नाही. शेवटच्या डावात शिंपले एका धावेने मागे होते. एक खेळाडू बेसवर पोहोचला, दोन बाद झाले. बॅटिंगला बंडू ताकाहाशी. आता कडक नियम: सहा पडला तर शिंपले विजेते, दुसरं काहीही पडलं तर सामना, हंगाम आणि लीग तिथेच संपणार. तशी ती सहा पडूनही संपणारच होती.

सईने फासा फुलपात्रात टाकला, दोन्ही हातांनी खुळखुळवला आणि फुलपात्र टेबलावर पालथं घातलं. फासा आत एकदा वाजला आणि थांबला. तिने हात काढून घेतले. वहिनी उघड्या बॅगेपाशी गुडघ्यांवर बसून राहिल्या.

मोकाशींनी फुलपात्रावर हात ठेवला. उचललं नाही. बाल्कनीच्या काचेतून ऊन सरळ टेबलापर्यंत आलं होतं, समोरच्या गच्चीवर कोणाच्या तरी गाद्या वाळत होत्या. ते तिकडे पाहत राहिले.

"पाऊस," ते म्हणाले. "सामना स्थगित."

आम्ही सगळेच बाहेर बघू लागलो.

"तुमच्या मैदानाला छप्पर आहे ना?" वहिनींनी विचारलं.

"गळतंय."

"अहो, पण इतकं लख्ख ऊन..."

सई वडिलांच्या हाताकडे बघत होती. त्या हाताने फुलपात्र टेबलाशी घट्ट दाबून धरलं होतं. तिने ते आधी पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तक्रारीची वेळ होती. आम्ही थांबलो.

"आई," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "अंपायरचा निर्णय अंतिम असतो."

सोमवारी दोघी गेल्या. त्या वर्षी हंगामाचा आढावा झाला नाही, कारण हंगाम संपलेला नव्हता.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी मोकाशींकडे जेवायला गेलो. टेबलावर फुलपात्र तसंच पालथं होतं. आकडा पाहिलात का, असं मी विचारलं. छप्पर दुरुस्त होईपर्यंत मैदानात कोणालाही प्रवेश नाही, असं त्यांनी सांगितलं आणि फडक्याने टेबल पुसलं, फुलपात्राच्या भोवतीने, गोल.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. त्यांनी स्पीकर लावला. सईचा आवाज होता. ती भरभर बोलत होती, शाळेतल्या बाईंबद्दल, रिक्षाबद्दल, मैत्रिणीच्या कुत्र्याबद्दल, सगळं मराठीत. शेवटी तिने विचारलं, "बाबा, पाऊस थांबला का हो?"

मोकाशींनी बाल्कनीबाहेर पाहिलं. समुद्रापर्यंत सगळं कोरडं, चकचकीत होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "रिपरिप चालूच आहे."

मग त्यांनी माझं ताट टेबलाच्या अगदी कडेला मांडलं, फुलपात्राला धक्का लागणार नाही अशा बेताने.