खऱ्याला चहा, खोट्याला पाणी

दामूअण्णांनी माझ्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी उचलली, तोंडात घातली आणि दाढेखाली दाबली, तेव्हा माझ्या हातातलं आरतीचं ताट पडता पडता राहिलं. धनत्रयोदशीचा दिवस होता. आम्ही सुरतेच्या गोडादऱ्यात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि समोरचे शेजारी म्हणून त्यांना फराळाला बोलावलं होतं. अण्णांनी लक्ष्मीचं ते नाणं तोंडातून काढलं, सदऱ्याला पुसलं, होतं तिथे ठेवलं आणि म्हणाले, "जर्मन आहे."

सासूबाईंना काही कळेना. लक्ष्मी जर्मन कशी असेल? अण्णांनी समजावून सांगितलं की याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, यात चांदी औषधालासुद्धा नसते, पण पूजेला हरकत नाही, देव काय दगडातही असतो. एवढं बोलून त्यांनी आणखी चिवडा मागून घेतला. सासूबाईंना रात्री जेवण गेलं नाही. ते नाणं त्यांच्या माहेरचं होतं.

धनत्रयोदशीला आमच्या गल्लीत अण्णा घरी परत जाईपर्यंत सगळी दारं बंद असतात, हे आम्हाला नंतर कळलं.

अण्णा अमळनेरकडचे. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले आणि लिंबायतच्या लूम कारखान्यात लागले ते म्हातारे होऊनच बाहेर पडले. लूमवर काम केलेला माणूस हळू बोलत नाही. अण्णा कानात काही सांगायचे तर तीन घरांना ऐकू जायचं. त्यांचा नाद मात्र लूमशी संबंध नसलेला. त्यांना अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर गोळा करायचं वेड होतं. सुरत जुनं बंदर. कुठल्या कुठल्या पारशी, बोहरी घरांतल्या पेट्यांमधून असा एखादा डॉलर अजून निघतो. कारखान्याच्या मालकाच्या वडिलांनी एका दिवाळीला त्यांना असाच एक दिला आणि अण्णा त्याच्या प्रेमात पडले. तळहातात मावेल एवढा रुपेरी गोल, एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला एका बाईचं तोंड. या बाईबद्दल अण्णा घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "आपली बाई नाकानं ओळखायची," ते सांगत. "खोटीचं नाक बसकं असतं."

आणि खोट्या बायांचा आमच्याकडे सुकाळ होता. मेट्रोच्या खड्ड्यात हंडा सापडला, असं कानात सांगत कोणीतरी रिक्षा स्टँडवर यायचं आणि मातीनं माखलेले डॉलर गळ्यात मारून जायचं. घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी अण्णांच्या ओट्यावर हजर.

तिथली तपासणी म्हणजे देवदर्शनासारखी होती. आधी लोहचुंबक लावायचं. मग सोनाराचा छोटा काटा. मग भिंगातून बाईचं नाक, आणि कडेवरच्या बारीक रेघा. शेवटी अण्णा डोळे मिटून नाणं फरशीवर टाकत आणि तसेच बसून राहत. "रुपं बोलतं," ते म्हणत. "खोटं नुसतं पडतं." कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. थोड्या वेळानं आतून द्वारकाकाकू, म्हणजे अण्णांची बायको, ट्रे घेऊन येत. नाणं खरं असेल तर ट्रेमध्ये चहा असे, खोटं असेल तर पाणी. मग अण्णा डोळे उघडून निकाल देत. त्यांचा निकाल कधी चुकला नाही. भागळच्या सराफाकडे जाऊन खात्री करून आलेले लोकसुद्धा तेच सांगत. खोटं नाणं आणणाऱ्याला अण्णा चहा पाजत नाहीत, असे कंजूष आहेत, एवढंच गल्लीचं म्हणणं होतं.

एका उन्हाळ्यात मी काकूंच्या स्वयंपाकघरात त्यांना बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा हटायला मदत करत होते. बाहेर ओट्यावर कोणीतरी आलेलं होतं. फरशीवर नाणं पडल्याचा आवाज आला. काकूंनी घाट्यावरची नजर न उचलता म्हटलं, "बद्द," आणि पेला घेऊन त्या माठाकडे वळल्या.

मी हातातला ढवळायचा हाट्या तसाच धरून उभी राहिले. अण्णांनी अजून तोंड उघडलेलं नव्हतं. पाणी ओट्यावर पोचलं आणि मग बाहेरून त्यांचा आवाज आला, खोटं आहे.

काकू परत आल्या तेव्हा माझा चेहरा बघून हसायलाच लागल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. काकूंचे वडील खेड्यात चांदीचे तोडे-वाळे घडवायचे. काकू त्या आवाजात लहानाच्या मोठ्या झालेल्या. आणि अण्णांचे कान लूमच्या खडखडाटानं ऐन तारुण्यातच गेले होते. माणसाचं बोलणं कळायचं, पण घुंगरू, चमचा, नाणं, असला बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. वजन आणि नाक ते स्वतः बघत, पण चांगली बनावट त्यालाही पुरून उरते. शेवटचा शब्द काकूंच्या कानाचा. "कोनले सांगू नको," काकू मला म्हणाल्या. "त्यास्ना रुबाब शे."

मी कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर अण्णा डोळे मिटून बसले की मला हसू आवरत नसे. ज्या माणसाला अख्खं गोडादरा चांदीचा कान समजत होतं, तो ट्रेची वाट बघत बसलेला असायचा.

पुढे एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतले सगळेच श्रीमंत व्हायला लागले.

ज्याचं त्याचं नाणं खरं निघू लागलं. येईल त्याला चहा. भिकन रिक्षावाल्याचा डॉलर खरा, कोपऱ्यावरच्या शिंप्याचा खरा, माझ्यासारखीच घरी बसून साडीला लेस लावणाऱ्या मंगलाचाही खरा. लोक म्हणाले, मेट्रोच्या खड्ड्यात नक्कीच काहीतरी आहे. मग भिकन एके दिवशी भागळला सराफाकडे गेला आणि तिथून थेट अण्णांच्या दारात येऊन उभा राहिला. सराफानं त्याला हसून हाकललं होतं. भिकन नको नको ते बोलला. म्हाताऱ्याला काही कळत नाही, फुकट मिशीला पीळ देतो, इथपर्यंत. मी माझ्या दारातून बघत होते. अण्णा आता उठतील आणि याची रिक्षा उलथी करतील, अशी माझी खात्री होती. अण्णा उठले, आत गेले, मुठीत काहीतरी आणून त्यांनी भिकनच्या हातावर ठेवलं आणि त्याचा डॉलर स्वतः ठेवून घेतला. भिकन गप्प होऊन निघून गेला. मागून शिंपी आला, मग मंगला आली. तेही तसेच गप्प होऊन गेले. अण्णा संपले, असं मग लोक उघड बोलू लागले.

दिवाळीच्या तोंडावर माझा भाऊ धुळ्याहून आला, तो एक डॉलर घेऊनच. कोणीतरी त्याला तो नमुना म्हणून दिलेला होता आणि आणखी घेण्यासाठी तो बायकोच्या पाटल्या मोडायच्या बेतात होता. मीच त्याला अण्णांकडे घेऊन गेले. अण्णांनी चुंबक जवळ नेलं आणि नाणं टकदिशी जाऊन त्याला चिकटलं. मी अगदी शेजारी बसले होते, माझ्या डोळ्यांनी मी ते बघितलं. अण्णांनी ते ओढून काढलं, काट्याकडे बघितलंही नाही आणि फरशीवर टाकलं. काकू ट्रे घेऊन आल्या. चहा होता, तोही आलं घातलेला. अण्णा बराच वेळ कपाकडे बघत राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले.

घरी आल्यावर भावाला काय सांगावं हे सुचेना. दुपारी काकू आडव्या झाल्या आणि तेवढ्यात अण्णा गल्ली ओलांडून आमच्याकडे आले. भाऊ बाहेर गेला होता. अण्णांच्या हातात त्यांचा बिस्किटांचा डबा होता. भावाला ते घेऊ देऊ नको, हे त्यांचं पहिलं वाक्य. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं.

मी विचारलं, चुंबकाला चिकटलेलं नाणं तुम्ही खरं कसं म्हणालात? डबा उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. साडीच्या चिंध्यांत गुंडाळलेले डॉलर मी एकेक करून सोडले. सगळ्या बायांची नाकं बसकी होती.

"अण्णा, यातला खरा कुठला?"

"एकही नाही."

जन्मभर जमवलेल्या खऱ्या बाया त्यांनी लोकांच्या खोट्या बायांच्या बदल्यात देऊन टाकल्या होत्या. मालकाच्या वडिलांनी दिलेली ती पहिलीसुद्धा. मग त्यांनी सांगितलं, काकूंना आता खरं-खोटं सगळंच सारखं वाजतं, म्हणून येईल त्याला चहा. कुकरची शिट्टी त्या वाफ बघून ओळखतात. देवळातली घंटा झाली का, असं त्या अण्णांनाच विचारतात. आणि हे त्यांचं त्यांना अजून माहीत नाही. लोक हल्ली पुटपुटतात, असं त्या म्हणतात.

मी म्हटलं, मग काकूंना सांगून टाका. कानाचं मशीन मिळतं.

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. एवढी वर्षं माझ्याशी साध्या मराठीत बोलणारा तो माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. "मी जन्मभर तिना कानघाई ऐकं," ते म्हणाले. तिच्याच कानांनी. "तिना कान गयात, हाई मी तिले कसं सांगू?"

भावाला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. पाटल्या वाचल्या.

त्यानंतर आठवड्याभरातच गल्लीत बातमी पसरली की अण्णांचे डोळे गेले. ते काळा चष्मा घालून ओट्यावर बसू लागले. कोणी नाणं घेऊन आलं की हात जोडून सांगत, बाबा, आता मला बाईचं नाक दिसत नाही, सगळी चूक माझ्या डोळ्यांची झाली. लोकांनाही ते पटलं. भिकननं येऊन त्यांच्या पाया पडून घेतलं. नाणी यायची थांबली, आणि काकूंना चहा की पाणी ते ठरवायचं कारण उरलं नाही. त्या मला म्हणाल्या, माझे कान शाबूत आहेत, पण यांना दिसत नाही तर एकट्या कानांचा काय उपयोग. हे सांगताना त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी मान खाली घालून लेस गुंडाळत राहिले.

आता रोज सकाळी दोघं भाजीला जातात. काकू पुढे, आणि त्यांचा हात धरून काळ्या चष्म्यातले अण्णा मागे. परवा मी त्यांच्या पाठोपाठच चालले होते. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत, वाजवत आली. काकू रस्त्याच्या मधूनच चालत होत्या. अण्णांनी वळून रिक्षाकडे बघितलं, काकूंचा हात हळूच ओढला आणि ठेच लागल्यासारखं करून त्यांना कडेला घेतलं. रिक्षा निघून गेली.

काकू थांबल्या. त्यांनी अण्णांचा सदरा झटकला, हात पुन्हा घट्ट धरला आणि रागावून म्हणाल्या, "धीरे चाला. तुमले दिसस नही ना आते."

अण्णांनी मुकाट्यानं मान हलवली.