झाकणावरचा आकडा

माझी बायको मालू नऊ एप्रिलला गेली. पण माझं नेमकं काय गेलं ते मला पंचवीस एप्रिलला कळलं, सकाळी साडेआठ वाजता, आमच्या पिठाच्या गिरणीत!

आदल्याच दिवशी मी फुशारकी मारली होती. मुलगी पूर्णिमा बेळगावात नोकरी करते. ती म्हणाली, "आप्पा, गिरणी बंद करा आणि माझ्याकडं चला. एकट्याला जमायचं न्हाय."

"बत्तीस वर्षं एकटाच चालवतोय की! बोर्डावर नाव कुणाचं हाय?"

"मग आई काय करायची?"

"डबे घ्यायची, डबे द्यायची. त्यात काय!"

पूर्णिमानं आपली पिशवी उचलली. मग म्हणाली, "बरं. पण एक जरी तक्रार आली, तर मी स्वतः येऊन कुलूप घालणार."

तर डबे. गेल्या संक्रांतीला आमच्या बचत गटानं वाण म्हणून सगळ्या बायकांना एकाच मापाचे स्टीलचे डबे वाटले. तेव्हापासून आमच्या उचगावातले सगळे डबे सख्खे जुळे! मालूनं कधी कुणाचं नाव लिहिलं नाही, विचारलं नाही. आणि मालूनंतर पहिल्यांदाच गिरणी उघडली त्या सकाळी शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे डबे माझ्यापुढं ओळीनं उभे, आणि मला एकही ओळखता येईना!

पण मी काय कच्चा गडी? भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान काढलं आणि कात्रीनं तारखा सुट्या केल्या. बाईच्या हातात एक तारीख, तोच आकडा खडूनं तिच्या डब्याच्या झाकणावर! नऊ तारीख तेवढी खिशात ठेवली. ती कुणाला द्यावीशी वाटली नाही.

"लई भारी, अण्णा! एकदम बँकेगत!" गंगव्वा म्हणाली. मी पुरीसारखा फुगलो.

आता, दळताना झाकण काढून बाजूला ठेवावं लागतं. झाकणांचा ढीग होतो. आणि डबे एकाच मापाचे म्हटल्यावर कुठलंही झाकण कुठल्याही डब्यावर घट्ट बसतं. हे वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले!

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणीपुढं बायकांचा मोर्चा. सगळ्यांत पुढं राजाक्का, हातात भाकरीचे तुकडे. मागं तिची नवी सून प्रियदर्शनी, मान खाली.

"शामू, काय दळून दिलंस रं? दोन दिवस ही भाकरी थापतीया आणि भाकरी मोडतीया! मी हिच्या आईला नावं ठेवली, आजीपतूर गेले!"

मी चिमूटभर पीठ तोंडात टाकलं. "आक्का, ह्यो जोंधळा न्हाय. तांदूळ हाय."

लग्न होऊन दोन महिने झाले, पण प्रियदर्शनीचा आवाज गल्लीनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आत्या, आईला फोन लावते. आता तुम्हीच बोला!"

राजाक्का काही बोलायच्या आत गंगव्वा पुढं आली. "आणि माझी नाचणी कुठाय? मालकांना साखरेचा त्रास, डॉक्टरनं नाचणी सांगितलीया. मी दोन दिवस म्हायेराला गेलते, तर ह्यांनी गव्हाचं पीठ नेलंय!"

मागं उभे असलेले तिचे मालक देवाप्पा हळूच म्हणाले, "मला वाटलं, डॉक्टरनं बदललं आसंल."

"व्हय? आणि सहा सहा चपात्या खाताना काय वाटलं?"

"लई बरं वाटलं," देवाप्पा म्हणाले. जाता जाता ते माझ्या कानाशी लागले, "फुडच्या टायमाला बी आसंच चुकव रं!"

मग बायकांनी गिरणीतच बैठक मारली. झाकणं उघडली आणि डब्यात हात घातले. "ह्ये माझं, मी गव्हात मेथ्या घालते." "ह्ये माझं, मला भरड लागतंय." तासाभरात ज्याचं पीठ त्याच्याकडं गेलं.

"मालू आसंच करायची," राजाक्का म्हणाली. "मूठ घातली की वळखायची. माझा डबा आला की म्हणायची, राजाक्का, खडं तरी निवडत जावा!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग गिरणीचा पट्टा नीट करायचं निमित्त करून पाठ फिरवली.

तेवीस डबे गेले. कोपऱ्यात चोविसावा उरला. जोंधळ्यानं भरलेला, न दळलेला.

"ह्यो कुणाचा?"

राजाक्का म्हणाली, "तुझ्याच घरचा की रं, मालूनं भरून ठिवलेला. सगळ्यांचं झाल्याबिगर मालू आपला डबा लावायची न्हाय."

संध्याकाळी पूर्णिमाचा फोन. "आप्पा, राजाक्काची भाकरी मोडली म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"राजाक्कानंच! वर मला दम दिला, गिरणीला कुलूप घातलंस तर तुझ्या दारात येऊन बसीन म्हणून."

त्यामुळं गिरणी चालू आहे. आकडे आता डब्याच्या पोटावर घालतो. शिवाय झाकण उघडून मूठ घालून बघतो. राजाक्काचा डबा ओळखता येतो, खडे लागतात. बाकीचे अजून नाही.

चोविसावा डबा रोज ओळीत शेवटी ठेवतो. त्याची पाळी आली की लाइट जाते, असं मी पूर्णिमाला सांगितलंय.

मालूचे जोंधळे अजून दळायचे राहिलेत.