मोटारीची छत्री

एका जंगलात एक खाडी होती. जंगलात खाडी कुठून आली, असं विचारू नका बाळांनो. पुढे तिच्यात होडी चालवायची आहे, म्हणून मी ती आधीच आणून ठेवली आहे.

खाडीच्या अलीकडे सगळे प्राणी राहत आणि पलीकडे वाघमहाराजांची कचेरी होती. तक्रार करायची तर पाणी ओलांडावं लागे. त्यामुळे तक्रारी कमी होत्या आणि राज्य सुखी होतं.

पाणी ओलांडायला एकच होडी होती, भिवरा पाणमांजरीची. सगळे तिला भिवरामावशी म्हणत. होडीचं शीड मावशीच्या आईने शिवलेलं होतं, आणि फाटेल तसं मावशीने त्याला सतरा ठिगळं लावली होती. वारा असला की होडी चाले. नसला की मावशी प्रवाशांना म्हणे, "बसा जरा, येतोच आहे." आणि थोड्या वेळाने तो येई.

एकदा महाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथल्या होडीला मागे मोटार लावलेली होती. ती फटफट आवाज करी आणि निळा धूर सोडी. महाराजांना धूर फार आवडला.

परत आल्यावर ते म्हणाले, "आपण मागे राहिलो."

राजा मागे राहिला, बाळांनो, की कोणाचं तरी काहीतरी कापलं जातं. आज्ञा निघाली. भिवरेच्या होडीला मोटार लावावी. पहिल्या फेरीला होडी ओहोटी लागण्याच्या आत कचेरीच्या धक्क्याला आली, तर मोटार पास. मग शिडाचं काम संपलं. ते कापून कचेरीतल्या गाद्यांना खोळी शिवाव्यात.

मावशीने आज्ञा ऐकली. घरी जाऊन तिने शीड उन्हात घातलं, झटकलं, घडी केली, आणि त्या घडीवर हात ठेवून बराच वेळ बसली. मग उठून तिने ते नेहमीसारखं डोलकाठीला बांधलं. मोटार पास झाली तर उद्या ते कापणार होते, पण उद्या अजून यायचा होता.

मोटार बसवायला बगळा मिस्त्री आला. काम झाल्यावर त्याने मोटारीच्या बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार चोचीने दाखवली.

"ही धार ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "मोटार आतल्या रबराच्या चाकाने खालच्या तोंडातून पाणी ओढते, अंगात फिरवते आणि इथून सोडते. धार चालू आहे तोवर तिचं डोकं थंड. धार थांबली की लगेच मोटार बंद करायची."

त्या वेळी बाकीचे सगळे नारळ शोधत होते. ऐकलं फक्त मावशीने.

नारळ सापडला तेव्हा महाराजांचे सचिव साळिंदरराव पुढे आले. साळिंदराला खाताना तोंडात काटे घुसतात, म्हणून महाराजांनी त्यांना सचिव केलं होतं. काही लिहायचं झालं की ते पाठीवरचा एक काटा उपटत आणि त्यानेच लिहीत. त्यांची नजर धारेवर गेली.

"गळतेय की ही," ते म्हणाले.

"गळत नाही राव," मावशी म्हणाली. "ते पाणी पडायलाच हवं."

"मावशी, होडीत गळती म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं."

"अहो, पण पाणी आत कुठे येतंय? बाहेर पडतंय."

साळिंदररावांनी विचार केला. "म्हणजे आतलं संपत चाललंय. हे तर आणखी वाईट."

त्यांनी काटा उपटला आणि तिथल्या तिथे गळती निवारण समिती नेमली. अध्यक्ष साळिंदरराव. सभासद अस्वलवैद्य, कारण ते जवळ उभे होते. मावशीला समितीत घेतलं नाही, कारण तिला होडी चालवायची होती.

मग मोटारीला हार घातला. हार ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आला होता, ती पिशवी साळिंदररावांनी खाडीत टाकली.

"असू दे," ते म्हणाले. "पाणी नेईल वाहून."

पाण्याने ती नेली. पण फार लांब नेली नाही.

होडी निघाली. मागे मोटार फटफट करत होती, तिच्याशेजारी मावशी सुकाणू धरून बसली होती, आणि मध्ये समितीची पहिली बैठक चालू होती. मावशी घडोघडी मान वळवून धारेकडे बघत होती.

खाडीच्या मध्यावर धार बारीक झाली. मग तिचे थेंब झाले. मग थेंबही थांबले.

"थांबली," अस्वलवैद्य म्हणाले.

"थांबली," साळिंदरराव म्हणाले. त्यांनी काटा उपटला. "लिहून घेतो. समितीच्या अथक प्रयत्नांनी गळती पूर्ण थांबली."

"राव, मोटार बंद करायला हवी," मावशी म्हणाली.

"आत्ता? यश मिळाल्यावर?"

"मिस्त्री सांगून गेलाय. धार थांबली की मोटार तापते."

"मावशी, तुमचं दुःख आम्हाला समजतं. शिडाच्या खोळी होणार, वाईट वाटणारच. पण म्हणून असं अशुभ बोलायचं का?"

मावशीच्या मनात आलं, खरंच आपण शिडापायी बोलतोय का? तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. नाही, ती मनाशी म्हणाली, वास काही शिडापायी येत नाही.

अस्वलवैद्यांनी मोटारीवर पंजा ठेवला आणि लगेच काढून तोंडात घातला.

"ताप आहे," पंजा चोखत ते म्हणाले. "जुना, अंगात मुरलेला. गार पाणी ओतू." त्यांनी बादली भरून उचललीसुद्धा.

मावशीने बादली धरली. "वैद्यबुवा, तापलेल्या मातीच्या तव्यावर गार पाणी ओतलंत तर काय होईल?"

"तडकेल."

"मग ठेवा खाली."

आणि समितीचा ठराव न घेता तिने मोटार बंद केली.

एकदम शांत झालं. इतकं, की होडीखालून पाणी कुठे चाललंय तेही ऐकू येऊ लागलं. ते समुद्राकडे चाललं होतं. ओहोटी लागत होती. खाडीच्या तोंडाशी काळे खडक होते, आणि होडी हळूहळू तिकडे सरकत होती.

मावशीने मोटार तिरकी करून वर घेतली. पाणी ओढायच्या तोंडावर ती हाराची पिशवी घट्ट चिकटून बसली होती. मावशीने ती सोडवून साळिंदररावांच्या हातात दिली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आता चालू होईल का?"

"निवल्यावर होईल. पण आतलं रबराचं चाक जळलंय. ते पाणी ओढणार नाही. पुन्हा तापेल."

"आणि खडक?"

"खडक आहेत तिथेच आहेत. आपणच निघालोय."

साळिंदरराव सगळे काटे उभे करून बसले. अस्वलवैद्य डोळे मिटून बसले. मावशीने डोलकाठीकडे पाहिलं. शीड उभारलं तर होडी वेळेवर पोचणार होती. होडी वेळेवर पोचली की मोटार पास. मोटार पास झाली की खोळी. नाही उभारलं तर खडक. आणि खडकावर शीडही फाटणार, वैद्यबुवाही.

एक गाठ सोडायला लागतो तेवढाच वेळ तिने विचार केला. कारण विचार करता करता तिने गाठ सोडली होती.

शीड वर गेलं. "येतोच आहे," मावशी म्हणाली, आणि वारा आला. सतरा ठिगळं फुगली. होडीने खडकांकडे पाठ फिरवली आणि ती सरळ कचेरीच्या धक्क्याला लागली. ओहोटीचं पाणी पायऱ्यांवरून जेमतेम एक बोट उतरलं होतं.

धक्क्यावर वाघमहाराज उभे होते.

"वा," ते म्हणाले. "एक बोट चालेल. काय मोटार आहे. आवाज नाही, धूर नाही. शेजाऱ्यांची केवढी बोंबलते. आणि गळती?"

"एक थेंब नाही महाराज," साळिंदरराव म्हणाले. हे खरंच होतं.

"तापते का?"

"आत्ता नाही," अस्वलवैद्य म्हणाले. हेही खरंच होतं.

महाराजांनी वर पाहिलं. "मोटार इतकी चांगली, मग हे फडकं कशाला लावलंय?"

खरं सांगावं तर समिती बुडत होती. साळिंदररावांनी मावशीकडे पाहिलं. त्यांच्या हातात अजून ती पिशवी होती.

मावशी जन्मात खोटं बोलली नव्हती. तिने मागे वळून पाहिलं. ऊन कलतं होतं आणि शिडाची सावली नेमकी मोटारीवर पडली होती.

"महाराज," ती म्हणाली, "त्याची सावली मोटारीवर पडते."

"म्हणजे छत्री?"

"आता तुम्हीच म्हणताय तर."

"मग आमच्या गाद्यांच्या खोळी?"

"छत्री कापता येणार नाही महाराज," साळिंदरराव घाईने म्हणाले. "मोटार तापेल." आणि त्यांनी काटा उपटून लगेच तशी नोंद केली.

तेव्हापासून होडी रोज त्या छत्रीवर चालते. बगळा मिस्त्री एकदा रबराचं नवं चाक घेऊन आला होता. समितीने त्याला परत पाठवलं. जी मोटार एकदाही बिघडली नाही, तिची दुरुस्ती कशाच्या आधारावर मंजूर करणार? दरवर्षी मोटारीला उत्कृष्ट सेवेचा हार मिळतो. तो मावशी स्वतः घालते, आणि पिशवी घडी करून घरी नेते.

कागदोपत्री तिचं पदही बदललं आहे. ती आता छत्री धरणारी आहे.

तात्पर्य : मुलांनो, मन लावून काम करावं, पण शीड म्हणून करू नये, छत्री म्हणून करावं. होडीही पोचते आणि आपल्याला कोणी कापतही नाही. उत्कृष्ट सेवेचा हार हवा असेल, तर मात्र मोटार व्हा आणि बंद राहा.

(आणि पिशव्या पाण्यात टाकू नका. एवढं मात्र मी खरंच सांगते.)