ताईंचे मागे बांधलेले हात

शिशुवर्गाच्या ताईंनी यंदाचं आपलं ध्येय ठरवलं ते एका ओळीचं: मुलांना जे स्वतः जमतं, ते मी करून देणार नाही. बाकीच्या शिक्षिकांनी 'सर्वांगीण', 'सर्जनशील' असे भारदस्त शब्द वापरले होते. पण ताईंना आपलं दुखणं पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या वर्गात एकही बटण, एकही नाक, एकही डब्याचं झाकण त्यांच्या हातातून सुटत नसे. त्यातून शाळेत आणखी एक वर्ग सुरू होणार होता आणि तो कुणाच्या हाती द्यायचा, हे निरीक्षक बाई वर्ग पाहून ठरवणार होत्या. ताईंना तो मनापासून हवा होता.

"तुला नाही जमणार," नवरा म्हणाला. "काल माझ्या साहेबांना तू चहा फुंकून दिलास."

ताई हट्टाला पेटल्या. दुसऱ्या दिवसापासून हात पाठीमागे धरून वर्गात वावरू लागल्या. पण हात कसले ऐकतात? कुणी उलटा बूट घातला की ते परस्पर पुढे धावत. शेवटी निरीक्षक बाई यायच्या दिवशी ताईंनी मदतनीस मावशींकडे पाठ केली.

"मावशी, या स्कार्फने माझी मनगटं बांधा."

"अहो ताई, काहीतरीच काय?"

"बांधा हो. बाई येऊन जाईपर्यंतच."

मावशींनी बांधली, अगदी मन लावून बांधली, आणि त्या पाणी भरायला गेल्या.

लहान मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत, समोर दिसेल तसं करतात, हे ताई दर पालकसभेत पालकांना बजावत. आज त्याचा त्यांना साफ विसर पडला. आधी एका मुलीने हात मागे घेतले. ही मुलगी प्रत्येक गोष्ट इतक्या निवांतपणे करी की ताई तिला लाडाने सावकाशबाई म्हणत. मग तिच्या शेजारणीने घेतले, आणि बघता बघता सगळ्या वर्गाने. ठोकळे पायांनी ढकलले जाऊ लागले. एकाने नाकाने चित्र रंगवलं. डबे दातांनी उघडायची खटपट सुरू झाली.

"अरे, हात पुढे घ्या बघू," ताई म्हणाल्या.

"तुम्ही घ्या आधी," सावकाशबाई म्हणाली.

ताईंनी झटका दिला, तशी गाठ आणखी आवळली. मावशींना हाक मारावी म्हणून त्या दाराकडे वळल्या, तर दारात मुख्याध्यापिका आणि निरीक्षक बाई उभ्या.

"सगळ्या वर्गाला शिक्षा?" मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला.

"एवढ्याशा मुलांना एवढी शिस्त?" निरीक्षक बाईंनी थंडपणे विचारलं.

नवा वर्ग तर गेलाच, हातचाही जाणार असं ताईंना वाटलं. मग त्यांनी सरळ पाठ फिरवून दाखवली.

"शिस्त नाही हो बाई. मुलांची कामं करायला माझेच हात धावतात, म्हणून बांधून घेतले. मुलं माझं बघून करतायत. आणि आता हे सुटत नाहीयेत."

निरीक्षक बाई गाठ सोडवायला पुढे झाल्या.

"थांबा," ताई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. "माझी मुलं सोडवतील. कोण मदत करतं रे मला?"

सगळ्यांचे हात एकदम पुढे आले. सावकाशबाईने मात्र आधी गाठ नीट पाहून घेतली.

"हे ओढलं की घट्ट होतं," ती म्हणाली.

"मग ते ढकल ना," नाकाला रंग लागलेला म्हणाला.

निरीक्षक बाईंचा हात सारखा पुढे येत होता आणि त्या तो मागे घेत होत्या. ताई गप्प राहिल्या. असं गप्प राहणं त्यांना या नोकरीत पहिल्यांदाच जमत होतं. बऱ्याच वेळाने स्कार्फ सैल होऊन खाली पडला.

निघताना निरीक्षक बाई दाराशी सँडल घालायला बसल्या. चष्मा घरी राहिलेला, पट्ट्याचं बक्कल काही लागेना. मुख्याध्यापिका लगबगीने वाकल्या, तर सावकाशबाईने त्यांना अडवलं.

"त्यांना येतं," ती म्हणाली.

सगळा वर्ग हात मागे घेऊन शांतपणे बघत उभा राहिला. निरीक्षक बाईंना घाम फुटला.

"नवा वर्ग तुम्हीच घ्या," त्या मान वर न करता ताईंना म्हणाल्या. "पण आता जरा हे लावून द्या."

ताईंनी आपले मोकळे हात पाठीमागे नेले.

"जमतंय बाई," त्या म्हणाल्या. "छान जमतंय."