झिलू मेस्त्री आणि पेटीतला दयाळ

झिलू मेस्त्रीच्या ओठांत कायम खिळे असतात. आंब्याच्या पेट्या मारायचा त्याचा धंदा. एका हातात फळी, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवणार कुठे? इथवर माझी तक्रार नाही. पण हा माणूस लग्नाला गेला तरी खिळे ओठांत. देवळात गेला की खिळे काढून खिशात टाकतो, तीर्थ घेतो आणि पुन्हा खिळे आत. त्यामुळे बोलतो ते सगळं दातांच्या फटीतून. परगावच्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याच्या तोंडावरून वारं गेलं असावं. आम्हा शेजाऱ्यांना कळतं. बोलताबोलता त्यानं खिळे तळहातावर काढले, की मात्र समजावं, आता मेस्त्री कोणाच्या बापाचं ऐकणार नाही.

मी मिठबावात जन्म काढला, होडी चालवली, चौथीपर्यंतच शिकलो, पण माणसं ओळखायला मला कोणी शिकवावं लागत नाही. झिलूला जगात दोनच गोष्टी दिसतात. पेटीत घातलेली, आणि अजून घालायची राहिलेली. देवगडकडच्या बागायतदारांनी पुठ्ठ्याचे खोके आणायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं काम निम्म्यावर आलं. पण हात कुठे थांबतात? त्यानं रेडिओला पेटी मारली. विहिरीवरच्या पंपाला मारली. माझ्या चष्म्याला मारली, ती उघडायला पक्कड लागते. आणि प्रत्येक पेटीवर काळ्या शाईनं, आंब्याच्या पेटीवर घालतो तसा बाण काढून लिहायचं, ‘वरची बाजू’.

तशीच एक पेटी त्यानं आपल्या घरामागच्या परड्यातल्या फणसाला टांगली. एका बाजूला भोक, आत मूठभर पेंढा.

"ह्यात काय भरतलंस?" मी विचारलं.

"भरणारो येतलो," तो खिळ्यांआडून म्हणाला.

आणि खरंच आला. दयाळ पक्ष्याचं जोडपं. नर काळापांढरा, शेपटी उभी करून मालकासारखा ओरडणारा. मादी करडी, कामाला लागलेली. पेटीत पिल्लं झाली तेव्हा झिलूनं मला साखर दिली. बारशाला देतात तशी.

मग मे महिन्यात एका सकाळी विहिरीपाशी मादीची पिसं विखुरलेली दिसली. लगेच माझ्या मांजरीचं नाव! मी ते तेव्हा मान्य केलं नाही, आजही करत नाही. दारात रोज ताजा बांगडा मिळत असताना मांजर पाखरामागे कशाला जाईल? झिलू वाद घालत बसला नाही. दुपारी एक मोठी पेटी घेऊन आला, पेंढा घातला, मांजर आत ठेवली आणि वर फळी ठोकली. बाण होताच. मांजरीला ती पेटी इतकी आवडली की पुढे फळी काढली तरी ती बाहेर येईना. पण तो माझा अपमान होता, म्हणून सांगितला.

त्या वेळी झिलूची थोरली बहीण इंदूआक्का वालावलहून आली होती. दर मे महिन्यात आंबे खायला येते. तिनं लगेच परडीत कापूस घातला, वाटीत पेज काढली.

"झिल्या, शिडी लाव. पिलां खाली काढ. आवस गेली, आता ती मरतली."

"पेजेची निवळच घाल," मी म्हणालो. "घट्ट नको."

झिलूनं खिळे काढून तळहातावर घेतले.

"हात लावूचो नाय. बापूस आसा मा?"

आक्काची वाटी हातात तशीच राहिली. कारण हे शब्द आम्ही दोघांनी पूर्वी ऐकले होते. झिलूची बायको गेली तेव्हा त्याची सुलू रांगत होती. आक्का तिला वालावलला न्यायला आली होती. सगळी वाडी म्हणत होती, दे, बापया माणसाला पोर वाढवणं जमायचं नाही. तेव्हाही त्यानं असेच खिळे काढले होते आणि हेच म्हणाला होता, बापूस आसा मा? सुलू इथेच वाढली. तिच्या वेण्या तो इतक्या आवळून घालायचा की पोरीच्या भुवया वर जायच्या. दप्तर लाकडाचं, त्यावर बाण. आता ती मुंबईला सासरी सुखात आहे. पण आक्का दर वर्षी परत जाताना एसटीत चढण्याआधी म्हणतेच, "तेव्हा चेडू माज्याकडे दिला असतंस, तर घरकाम तरी नीट शिकला असता." आणि झिलू दर वर्षी काही बोलत नाही.

तर पिल्लांचं असं ठरलं तेव्हापासून आम्ही सगळे बंदोबस्तात. परड्यात फिरायचं नाही. बघायचं तर खिडकीतून. नर चोचीत अळी घेऊन यायचा, रहाटावर बसून चौफेर शिव्या द्यायचा, आणि मग भोकात डोकं घालायचा.

"बापयांचो उत्साह दोन दिस," आक्का म्हणाली.

ठोकाठोकीनं नर बिचकतो म्हणून झिलूनं पेट्या मारायचं काम माझ्या दारापुढच्या खळ्यात आणलं. ऐन हंगामात! माझी दुपारची झोप गेली. मी ओरडलो, तर म्हणे, "तात्या, तू खंय पिलांक भरवतंस? जागो रवलंस म्हणान काय बिघडता?" रोज उठून तो शेणाची रास फावड्यानं उलटी करायचा आणि लांब जाऊन बसायचा. नर उतरून किडे वेचायचा. "बापसाक लांब जावक लागता नये," एवढंच त्याचं म्हणणं.

आणि एका दुपारी आक्काची हाक आली. पिल्लू खाली पडलं होतं. जिवंत, पिसं अर्धी फुटलेली, चोच उघडी. भोकातून पडलंच नव्हतं ते. झिलूनं पेटीच्या फळ्यांत फट ठेवली होती. आंब्याला वारा लागायला हवा म्हणून ठेवतात, तशी. सगळा जन्म आंबेच भरलेले. आंबे चालत नाहीत, पिल्लं चालतात, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"सांगलंय मा मी?" आक्का म्हणाली. "आता हात लागलो तर बापूस पण घेवचो नाय तेका."

झिलूचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्यानं पिल्लू ओंजळीत घेतलं, शिडी लावली आणि पेटीत परत ठेवलं. मग फट बुजवायची होती. खिळा मारता येत नव्हता; आवाज झाला असता. जन्मात पहिल्यांदा झिलू मेस्त्रीनं पेटीला खिळा मारला नाही. गोणपाटाची पट्टी लावून सुंभानं ती बांधली, आणि गाठी मारताना ओठांतले खिळे मात्र होते तिथेच.

मग आम्ही तिघे खिडकीत. नर आला. रहाटावर बसला. शेपटी उभी, पण आज शिव्या नाहीत. गोणपाटाकडे बघितलं, उडून गेला. झिलू जेवला नाही. आक्काही जेवली नाही, म्हणून मलाही जेवता येईना. उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली तेव्हा नर परत आला आणि सरळ भोकात घुसला. आतून कलकलाट झाला. त्यात पडलेल्याचा आवाज कुठला, बाकीच्यांचा कुठला, कोण ओळखणार? पण आक्का पटकन उठून म्हणाली, "चला, पानां वाढतंय."

पिल्लं एकामागून एक उडाली. शेवटचं, बहुतेक ते पडलेलंच, माझ्या मांजरीच्या पेटीवर जाऊन बसलं. मांजरीनं डोळाही उघडला नाही. हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आक्का परत निघाली त्या दिवशी तिची पिशवी घेऊन आम्ही तिघे एसटीच्या थांब्याकडे चाललो. फणसाखाली ती थांबली, वर रिकाम्या पेटीकडे बघत राहिली. मी नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो.

"बापसान वाढवल्यान हां," ती म्हणाली. "बरी वाढवल्यान."

नेहमीचं वाक्य आलंच नाही. एसटी आली, ती चढली, गेली.

मी झिलूकडे बघितलं. म्हटलं, आता तरी काही बोलेल. त्यानं खिशात हात घातला, फणसाखाली देवळातल्यासारखे आत टाकलेले मूठभर खिळे काढले आणि एकेक करून ओठांत धरले. जवळ फळी नव्हती, हातोडी नव्हती. रस्त्यावर आम्ही दोघेच होतो.