रेडिओची गोळी

त्या न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणत. कात्री चालू झाली की तोंडही चालू होई, आणि एका गिऱ्हाइकाच्या डाव्या कानापाशी निघालेला किस्सा दुसऱ्याच्या उजव्या कानापाशी संपे. मधल्या मध्ये तो कधी वस्तरा विसरे, कधी गिऱ्हाईक. चाळिशीत त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, असं निदान झालं आणि गोळी सुरू झाली. गोळीने गुण आला, हे तो स्वतःच कबूल करी. वस्तरा सापडू लागला. फक्त किस्से बंद पडले. रोज सकाळी लेकीची वेणी घालताना तो एका टकल्या सिंहाची गोष्ट रचत असे. आता भांग सुतासारखा सरळ पडे, पण सिंह बिचारा कधीचा नदीकाठी ताटकळत होता.

"बाबा, भांग वाकडा चालेल," लेक म्हणाली, "पण सिंहाला पलीकडे न्या ना."

त्याने डोकं खाजवून पाहिलं. काही सुचेना. तेव्हा तो गोळी बदलून मागायला डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांची नजर संगणकावर होती आणि एक हात फोनवर. त्यांनी त्याला धंदा विचारला. रेडिओने धंदा सांगितला आणि सिंहाचं गाऱ्हाणं मांडलं. डॉक्टरांनी पुन्हा धंदा विचारला. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की ज्याचं लक्षच ठरत नाही, त्याचं स्वतःविषयीचं मत शास्त्राला ग्राह्य धरता येत नाही. औषध लागू पडलं की नाही, हे सभोवतालच्यांच्या समाधानावरून ठरतं. सबब पुढच्या खेपेस सभोवतालचे घेऊन यावेत.

पुढच्या खेपेस दुकानाचा मालक आला. दुकानात आता इतकी शांतता असते की गिऱ्हाइकं खुर्चीत घोरतात, एकाचीही तक्रार नाही, असं त्याने सांगितलं. भिंतीपलीकडचे शेजारी तर न बोलावताच आले आणि भरल्या गळ्याने डॉक्टरांचे आभार मानून गेले. डॉक्टर प्रसन्न झाले. एवढ्या मात्रेत एवढं समाधान, तर मात्रा वाढवल्यावर किती होईल, असा त्यांनी शास्त्रीय विचार केला आणि मात्रा वाढवली.

रेडिओ आणखी सुतासारखा झाला. जेवण अर्धं राही, आणि लेक वेणीसाठी पाठ करून बसली की तिला मागे कोणी आहे की नाही, ते वळून पाहावं लागे. शेवटच्या आशेने तो तिसऱ्यांदा गेला. या वेळी बायको आणि लेक बरोबर होत्या.

"घरी कसे असतात?" डॉक्टरांनी संगणकाला विचारलं.

"पसारा नाही, आरडाओरडा नाही," बायको म्हणाली. "पण हसतही नाहीत हो."

डॉक्टरांनी 'पण'च्या आधीचं टिपून घेतलं. घरचं समाधान उत्तम, तक्रार करणारा एकटा रुग्ण. गोळी चालू ठेवावी, असा निर्णय त्यांनी दिला.

"पण मला कुणी विचारलंच नाही," लेक म्हणाली. "माझं समाधान नाहीये."

डॉक्टरांनी तीन भेटींत प्रथमच मान वर केली. रेडिओचे डोळे भरून आले. अखेर कुणीतरी ऐकलं होतं.

"ही अशीच मध्ये बोलते?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, पण..." बायको म्हणाली.

पुढच्या आठवड्याची वेळ लेकीच्या नावावर पडली. येताना वर्गशिक्षिकेला घेऊन यायचं होतं. रेडिओला टेबलावर मूठ आपटून म्हणावंसं वाटलं की माझ्या पोरीला काहीएक झालेलं नाही. पण औषध उत्तम काम करत होतं. तो आपल्या बोलण्याची पाळी येण्याची वाट पाहत बसला. तेवढ्यात पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

हे वाचून तुम्हाला डॉक्टरांचा संताप आला असेल, तर तो रास्तच आहे. मात्र संताप जरा आवरता घ्या. तुमच्याही घरात, कचेरीत, निदान शेजारी एखादा रेडिओ असेलच, आणि त्याच्याविषयी दवाखान्यातून तुम्हाला फोन येईल. प्रश्न एकच असतो: आता शांत आहे ना? 'हो' म्हणून झाल्यावर तुमचा 'पण' तुम्हाला आठवेल, असं समजायला हरकत नाही.