रासकरकाकांची हिरवळ

रासकरकाकांकडे फुलं घेऊन गेलं की ते आधी फुलांची चौकशी करतात, मग आपली. दसऱ्याला मी हौसेनं झेंडू नेला, तर दारातच म्हणाले, "हा मूळचा मेक्सिकोचा. गेनाऊ." गेनाऊ म्हणजे जर्मनमधलं 'अगदी बरोबर'. काकांना हॅम्बर्गात येऊन पन्नास वर्षं झाली, पण झेंडूला त्यांनी अजून नागरिकत्व दिलेलं नाही.

टोमॅटो, बटाटा, सदाफुली, कुणाचीही गय नाही. कुठलं रोप कुठल्या साम्राज्याच्या जहाजातून कुठं उतरलं, ते त्यांना तोंडपाठ. मंडळाच्या गणपतीत ते जास्वंदीवर बोलायला लागले आणि आरती अर्धा तास लांबली.

शहराच्या कडेला त्यांनी श्रेबरगार्टन घेतलंय, म्हणजे भाड्याचा बागेचा तुकडा. जर्मन बादशहा कैसरच्या काळात कारखान्यांतले कामगार अशा तुकड्यांत भाजी पिकवायचे. नियम अजून कडक: एक तृतीयांश जागेत भाजी, फळं हवीतच. काकांकडे निम्मे गुलाब, निम्मी हिरवळ. खुर्ची एकही नाही. गवत ओलं असलं तरी "आधी टेका" हा हुकूम. माझ्या दोन पँटी त्यात कामी आल्या.

यंदा समितीची नोटीस आली: महिन्याभरात भाजी लावा, नाहीतर जागा सोडा. काकांची झोपच उडाली. मी कुदळ घेऊन हिरवळ खणायला गेले, तर काका गुलाब उपटत होते. वीस वर्षं लेकरांसारखे जपलेले गुलाब.

"अहो काका, गवत काढा की."

"गवताला हात लावायचा नाही."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच म्हणता ना, लॉन म्हणजे साहेबाचं खूळ?"

"हो, साहेबाचंच. आमचे आजोबा पुण्याला कॅम्पात साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. जन्मभर हिरवळ राखली, पण तिच्यावर बसायची परवानगी नव्हती. एकदा ऊन लागलं म्हणून टेकले, तर साहेबानं सगळ्यांदेखत उठवलं."

मला फार वाईट वाटलं. मी गुलाबांच्या जागी मेथीचे वाफे करायला लागले.

समितीच्या बाई आल्या, टेपनं मेथी-मुळा मोजला आणि पास म्हणाल्या. काकांनी त्यांनाही गवतावर बसवलं. बिचाऱ्या स्कर्ट सावरत बसल्या, कॉफी प्यायल्या आणि गेल्या.

"जिंकलात काका," मी पिशवी उचलत म्हटलं. "आता निवांत बसा. मी निघते."

"पाच मिनिटं थांब ना," काका गवताकडे बघत म्हणाले. "एकटा बसलो की अजून वाटतं, आत्ता कुणीतरी येऊन उठवेल."